डॉक्टरबाईंच्या गाडीचं बटण

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर डॉक्टरबाई आमच्या गॅरेजमध्ये आल्या. काठी भिंतीला टेकवली, स्टुलावर जपून बसल्या आणि दादाला म्हणाल्या, "माझ्या गाडीला बटण लावून दे."

दादा कार्ब्युरेटर धूत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कसलं बटण?"

"शर्टाचं! अरे, स्टार्टरचं. हा नवा गुडघा किक मारायला दिलेला नाही, असं सर्जनने बजावलंय."

दादाने कार्ब्युरेटर खाली ठेवला. हात पुसले. मग जरा मोठ्यानेच म्हणाला, "बाई, तुम्ही गाडी विका म्हणालात तर मी गिऱ्हाईक बघतो. तिसरं चाक लावा म्हणालात तर तेही लावतो. पण बटण नाही. या घरात ते पाप एकदा झालंय."

दादा माझा थोरला भाऊ. गॅरेज आमच्या वडिलांचं, अप्पांचं. अप्पा आता शहाऐंशीचे आहेत आणि वरच्या खोलीत खिडकीपाशी बसून असतात. खाली दादा इंजिन बघतो आणि मी वायरिंग. सतराव्या वर्षी मी अप्पांच्या हाताखाली पहिली वायर सोलली. गिऱ्हाइकं मला बॅटरीताई म्हणतात. खरं नाव बहुतेकांना ठाऊक नाही.

दादाचं एक मत होतं आणि ते तो गावभर सांगत असे. जुन्या मोटारसायकलींवर बसवलेले स्टार्टर म्हणजे शोभेची वस्तू. घरासमोर चार माणसं बघत असली की झकास फिरतात. गाडी आडरानात बंद पडली की नुसतं 'टक्' करून गप्प. त्याने कितीतरी गाड्यांचे स्टार्टर काढून माळ्यावर टाकले होते. आलेल्या माणसाला तो आधी चहा पाजायचा आणि मग हे प्रवचन. आणि प्रवचनाच्या शेवटी दाखला म्हणून यायची ती डॉक्टरबाईंचीच गोष्ट.

आता त्या डॉक्टरबाईच समोर बसून बटण मागत होत्या.

ती गोष्ट तेहतीस वर्षांपूर्वीची. डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. तेव्हा त्या तेहतीसच्या असतील, अंगाने काडीसारख्या. त्यांच्या मामाने मागे ठेवलेली दोन सिलिंडरची अवजड मोटारसायकल घेऊन त्या गोठ्यागोठ्यातून फिरायच्या. मागे कॅरियरला औषधांची पेटी, पेटीवर गमबूट बांधलेले. गाडी वळणावरून खाली उतरताना तिचा आवाज ऐकून गुराखी म्हणायचे, आली बाई. मला त्या फार आवडायच्या. बाईमाणसाने इतकं मोठं यंत्र इतक्या सहज चालवावं, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलंच नव्हतं.

त्या गाडीला किकची एक खोड होती. ठिणगी पडायचं टायमिंग जरा पुढे सरकलं की किक उलटी यायची. एका सोमवारी ती अशी उलटी आली की बाईंचा उजवा घोटा टम्म सुजला. आणि गुरुवारी सकाळी त्यांची मुलाखत होती. राजधानीतल्या कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती. तसल्या जागा तेव्हा दहा वर्षांत एखादी निघायची. त्यासाठी बुधवारी अकराची बोट पकडायची, ती दिवसातून एकच, आणि पलीकडे उतरून आगगाडी धरायची. धक्का इथून वीस मैलांवर. आम्ही सोडायला येतो म्हटलं, तर ऐकतील त्या बाई कसल्या!

गाडी त्या मॉडेलच्या शेवटच्या वर्षांतली होती, इंजिनावर स्टार्टरसाठी जागा होती. मामाने तो कधीच काढून टाकलेला. अप्पांनी भंगारातल्या तसल्याच एका गाडीचा स्टार्टर मिळवला, आतले झिजलेले कार्बन ब्रश बदलले आणि मंगळवारी बसवला. केबली ओढायचं काम माझ्याकडे दिलं. मी एकोणीस वर्षांची होते. संध्याकाळी बाईंनी बटण दाबलं आणि इंजिन असं घुमलं की गॅरेजमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून कपाळाला आठ्या घालून बसलेल्या बाई पहिल्यांदा हसल्या.

बुधवारी, धक्का दोन-तीन मैलांवर असताना, बंदराला जाणाऱ्या मालगाडीच्या फाटकापाशी थांबायला लागलं. लांबलचक मालगाडी, बाईंनी इंजिन बंद केलं. फाटक उघडलं. बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. किक मारायला पाय उचलवेना. पुढे चढ. फाटकवाल्याने बिचाऱ्याने ढकलून पाहिली, पण चढावर ते धूड दहा पावलंही जाईना. बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि तिथूनच त्यांनी बोटीचा भोंगा ऐकला.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. बाई इथेच राहिल्या, पुढची सगळी वर्षं. गाडी टेम्पोतून गॅरेजला आली तेव्हा अप्पांनी कोणालाही हात लावू दिला नाही. एकट्याने स्टार्टर उतरवला, केबली उतरवल्या, टायमिंग नीट लावून दिलं आणि म्हणाले, "असल्या स्टार्टरवर विश्वास ठेवू नये." बस. त्याच वाक्याचं दादाने पुढे शास्त्र केलं. बाईही पुन्हा बटणाचं नाव न काढता तेहतीस वर्षं किक मारत राहिल्या.

"बाई, तुमचं तरी मन कसं धजतं?" दादा म्हणाला.

"मन नाही रे, गुडघा." बाई म्हणाल्या. "गेले तीन महिने मी खिडकीतून गाडीकडे बघतेय आणि ती माझ्याकडे. तुला जमत नसेल तर बॅटरीताईला विचारते."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बघते."

दादा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. पण गाडी आली तेव्हा टायमिंग त्यानेच लावलं, कारण किक उलटी मारणारं इंजिन स्टार्टरचे दात आधी मोडतं हे त्यालाही कळत होतं. "मी तुझ्यासाठी करत नाहीये, इंजिनासाठी करतोय," एवढं मात्र ऐकवलं.

मी माळ्यावर चढले. दादाने काढून टाकलेल्या स्टार्टरांची रास एका बाजूला पडली होती, मसणात हाडं पडावीत तशी. अप्पांची रीत वेगळी. ते प्रत्येक वस्तू तेलकट फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि झाकणावर रंगाने लिहायचे : 'चालू' किंवा 'खराब'. खराब वस्तूही टाकायची नाही, तिच्यातला एखादा स्क्रू कधी लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं होतं, तो स्टार्टर सापडला तर खराबच्या डब्यांत सापडेल. सगळे खराब डबे उघडून झाले. नव्हता. शेवटी कोपऱ्यातला एक डबा ओढला. झाकणावर डॉक्टरबाईंच्या गाडीचा नंबर, आणि खाली अप्पांच्या ठसठशीत अक्षरात : चालू.

खाली आणून फडकं सोडलं. कार्बन जवळजवळ कोरे. आतला भाग स्वच्छ, कुठे जळाल्याची खूण नाही. बाकावर शिकंज्यात धरला, बॅटरीच्या दोन तारा लावल्या, आणि तो असा गरगरला की बाकासकट शिकंजा हादरला. दादा पलीकडून बघत होता.

मग फडक्यात आणखी काय आहे ते पाहिलं. त्याच्याबरोबर उतरवलेल्या दोन केबली होत्या. एक बॅटरीकडून स्टार्टरला जाणारी, ती ठीक होती. दुसरी अर्थची. वीज जशी जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते. ती वाट म्हणजे ही जाड तार, फ्रेमला बोल्टने आवळलेली. तिच्या टोकाची तांब्याची चकती मी उलटी करून पाहिली. चकतीच्या अंगाला काळ्या रंगाचा पापुद्रा चिकटला होता. कडेने करपलेला.

मी स्टुलावर बसले.

बाईंच्या गाडीची फ्रेम त्याच महिन्यात नव्याने रंगवली होती. अर्थची केबल आवळायच्या आधी तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडायचा असतो, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती केबल रंगावरच आवळली होती. बोल्टच्या आट्यांमधून मिळेल तेवढी वीज मिळत राहिली, एक संध्याकाळ आणि एक सकाळ, आणि मग तेवढीही वाट जळून गेली. स्टार्टर बिचारा धडधाकट होता. त्याला कोणी वाटच ठेवली नव्हती.

आणि ती केबल माझी होती. शंकेला जागाच नव्हती. त्या दिवसांत मी चकती डाग देऊन बसवायच्या आधी तिच्याभोवती बारीक तारेचे तीन वेढे द्यायचे, सुटून येईल अशा भीतीने. दादा त्यावरून मला चिडवायचा, चकतीला बांगड्या भरतेस का म्हणून. त्या तीन बांगड्या अजून तिथे होत्या.

मी केबल घेऊन वर गेले. अप्पा खिडकीपाशी होते. कानाने त्यांना कमी ऐकू येतं, पण नजर शाबूत आहे. मी केबल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली, चकती उलटी केली, अंगठा फिरवला.

"सापडली होय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

मी कानाशी वाकले. "तुम्हाला माहीत होतं, अप्पा?"

"त्याच दिवशी. केबल सोडली आणि कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

अप्पांनी चकती पुन्हा सुलटी केली. "तू दुसऱ्या दिवशी कामावर आली नसतीस," ते म्हणाले. "तेव्हा लोक टपूनच होते. मुलीच्या हातात वायरी दिल्यात म्हणून दोघांनी गाड्या परत नेल्या होत्या. हे कळलं असतं तर उरलेल्यांनीही नेल्या असत्या. आणि त्यांचं सोड, तूच स्वतःला घरी बसवलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही?"

"आणि डॉक्टरबाई?"

"त्यांच्या घरी गेलो मी. सांगितलं, चूक माझ्या हातची आहे. गॅरेज माझं, म्हणजे चूक माझीच की. खोटं कुठे बोललो?"

"मग स्टार्टरला का बदनाम केलंत?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून सतराचीच आहे. "त्याला काय कळतंय?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. त्यानंतर कितीतरी वर्षं, खाली येत होते तोवर, मी अर्थची केबल आवळताना अप्पा मागे येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता पॉलिश पेपरचा तुकडा पुढे करायचे. मला वाटायचं, वयाबरोबर आलेला हेकटपणा. मी वैतागायचेसुद्धा.

खाली येऊन दादाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. केबल हातात घेऊन बांगड्या मोजल्या. मग म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना जे सांगत आलो..."

"हो."

"आणि जे स्टार्टर काढून टाकले..."

"हो."

तो तडक माळ्यावर चढला. दोन दिवस आम्ही भावंडांनी दुसरं कामच केलं नाही. एकेक स्टार्टर उतरवायचा, शिकंज्यात धरायचा, तारा लावायच्या. लहानपणी अप्पा बाहेर गेले की आम्ही दोघं चोरून असेच दिवे पेटवून बघायचो. दादा वस्तू धरायचा, मी तारा टेकवायचे. तसंच वाटत होतं. केस मात्र दोघांचे पांढरे. अकरा स्टार्टर निघाले. त्यांतले पाच खरोखरच वाया गेलेले होते : कोणाचा आतला वन-वे क्लच झिजून घसरत होता, कोणाची मोटर मुळातच एवढ्या मोठ्या इंजिनापुढे लिंबूटिंबू होती. उरलेले सहा ठणठणीत. दोष होता बारीक केबलीचा, सैल बोल्टचा, मरतुकड्या बॅटरीचा.

"निम्मा तरी बरोबर होतो," दादा म्हणाला.

"निम्म्याहून कमी."

"गप गं!"

बाईंचा स्टार्टर मी बसवला. यावेळी अर्थ फ्रेमवरून नेलाच नाही. अंगठ्याएवढी जाड केबल बॅटरीपासून थेट इंजिनाला नेली, आणि बसायची जागा आरशासारखी घासली. बटण दाबताना मीटर लावून पाहिलं. कुठेच गळती नाही. इंजिन पहिल्या फटक्याला उठलं. थंड असताना, गरम असताना, अर्धा दिवस उभी ठेवून, मी चाळीस वेळा बटण दाबलं. चाळीसही वेळा उठलं.

मग डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली. बटणाकडे हात नेला, तेवढ्यात मी म्हणाले, "बाई, आधी माझं ऐका." आणि केबल त्यांच्या हातात दिली.

मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "खरवडायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"आणि विसरलीस."

"विसरले. टाळ्या ऐकायची घाई झाली होती मला."

त्यांनी केबल बाकावर ठेवली. "तुझे अप्पा आले होते तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले होते," त्या म्हणाल्या. "दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मान खाली घालून ऐकत उभा राहिला तो माणूस." त्यांनी काठी घेतली. "मुलाखतीची उत्तरं मी कितीतरी वर्षं मनात पाठ म्हणत होते, माहितीये? गोठ्यात गाईच्या पोटात हात घालून उभी असायचे आणि मनात उत्तरं देत असायचे." दारापाशी जाऊन म्हणाल्या, "रागवायचं की नाही ते ठरवायला मला थोडा वेळ दे."

आणि गाडी तिथेच ठेवून गेल्या.

नऊ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मी रोज सकाळी गाडीवरची धूळ पुसत होते. दादा म्हणाला, "सांगायची काय गरज होती? अप्पांनी झाकलं होतं ना?" मी म्हणाले, "अप्पांनी एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी झाकलं होतं. मी बावन्नची आहे." तो त्या दिवसापासून चहा दोनदा मागवायला लागला, एरवी एकदाच मागवतो.

दहाव्या दिवशी सकाळी बाई आल्या. काठी नव्हती. मला म्हणाल्या, "ती अर्थ का काय, ती मला दाखव. स्वतः करते."

मी पाना दिला. त्यांनी वाकून बोल्ट सोडला, चकती काढली, पॉलिश पेपर घेऊन आधीच चकचकीत असलेली जागा आणखी घासली. चांगली पाच-सात मिनिटं. गुरांच्या खुरांवर काम केलेले हात ते. घाई म्हणून नाही. मग बोल्ट आवळला, मी पाना लावून बघितलं, बरोबर बसला होता.

"मी खूप विचार केला," त्या हात पुसत म्हणाल्या. "गेले असते तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. चांगलंच झालं असतं कदाचित. उगाच तुझं समाधान करायचं म्हणून मी इथेच सुखी होते असं म्हणणार नाही. काही वर्षं होते, काही वर्षं नव्हते." त्यांनी फडकं बाकावर टाकलं. "पण तू घरी बसली असतीस तर माझी गाडी इतकी वर्षं कोणी चालू ठेवली असती? दर पावसाळ्यानंतर तूच तिचं वायरिंग उघडत होतीस ना? तो हिशोब मला काही सुटेना. म्हणून सोडून दिला."

मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, "आता रडू नकोस, तुझ्या हाताला ग्रीस आहे. अप्पा वर आहेत ना?"

त्या जिना चढून गेल्या, एकेक पायरी, कठडा धरून. वरचं दार लोटलं गेलं. मी आणि दादा खाली उगाच हत्यारं पुसत बसलो. पहिल्यांदा बाईंचाच आवाज आला, मोठा, अप्पांना ऐकू जावा म्हणून. पण शब्द कळत नव्हते. मग अप्पांचा खोकला. मग दोघांचं हसणं, असं की दादाच्या हातातला पाना थांबला. अप्पा इतके मोठ्याने हसल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

अर्ध्या तासाने बाई खाली आल्या. डोळे लाल होते.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"तुझ्या वाटणीचं काही नव्हतं त्यात," त्या म्हणाल्या.

त्यांनी हातमोजे चढवले. दादाने गाडी स्टँडवरून उतरवून दिली आणि त्यांच्या नव्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून बाजूला धरून उभा राहिला. बाईंनी चावी फिरवली, अंगठा बटणावर ठेवला. इंजिन पहिल्याच झटक्याला बोललं, तोच जुना घोगरा, दुहेरी आवाज. वरची खिडकी उघडली. अप्पांनी बाहेर डोकावून हात हलवला आणि ओरडून काहीतरी सांगितलं, ते त्या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र न वळता हात वर केला, गिअर टाकला आणि सावकाश रस्त्याला लागल्या.